थांबवून ठेवलेला निकानोर

मोबाईल खिशात घाला आधी. कॉफी राखायला बसलोय आपण, चोराला रस्ता दाखवायला नाही. आणि तो ओंडका आत सरकव रे. हं.

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. ज्याच्यावर बेतलं त्याला मी माझ्याच गाडीतून गावात आणलं होतं. जे घडलं ते त्यानेच मला सांगितलं, आणि त्याला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलायलाही भाषा यावी लागते.

ओरिन त्याचं नाव. एकोणीस वर्षांचा गोरा मिशनरी. पांढरा शर्ट, काळा टाय, छातीवर नावाची पट्टी. गेल्या हंगामाच्या आधीच्या हंगामात, नोव्हेंबर सरता सरता एका गुरुवारी तो आला. आपण त्यांना हर्मानो म्हणतो, म्हणजे भाऊ, पण भाऊ म्हणून कुणी घरात घेतं असं नाही. त्याच्या जोडीला उरिएल होता, राजधानीतला पोरगा. त्याची धर्मप्रचाराची दोन वर्षं संपत आलेली, त्यामुळे कशाचंच नवल नाही. या लोकांचा नियम असा की दोघांनी एकमेकांना सोडून कुठे जायचं नाही आणि रात्री साडेनऊला दाराला कडी घालायची.

पहिले दोन दिवस ओरिनने गावातली दारं वाजवली आणि एकही दार उघडलं नाही. कुणी झोपलं होतं, कुणी शेतावर होतं, कुणी ‘आम्ही कॅथलिक आहोत’ असं आतूनच ओरडलं. हसू नकोस, तुझीच आई होती ती. सहा आठवड्यांत शिकलेली त्याची स्पॅनिश ऐकून शेंबडी पोरंसुद्धा दात काढायची. रात्री तो उशीत तोंड खुपसून रडायचा. देवाने आपल्याला इतक्या लांब का धाडलं, ते त्याला एकदा तरी दिसायला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी दोघं तेओफिलाकडे धुवायला टाकलेले शर्ट आणायला गेले. काम एवढंच होतं. शर्ट घ्यायचे आणि परतायचं.

तेओफिलाचा नवरा केव्हाच गेला होता. पदरी एकुलता एक पोरगा, निकानोर. तो ऑगस्टमध्ये पोत्यांनी भरलेल्या ट्रकवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. इस्पितळाने हात टेकले आणि घरी पाठवला. त्या शनिवारी त्याला घरघर लागली होती. अंगणात बाकं मांडली होती, शेजारणी कॉफी फिरवत होत्या. जीव अडकला की आपल्यात काय करतात ते ठाऊक आहे तुम्हाला. जवळच्या प्रत्येकाने कानाशी वाकून म्हणायचं, ‘जा बाबा, मी सोडलं तुला.’ त्याच्या मावशीने म्हटलं, चुलत भावांनी म्हटलं, मीसुद्धा म्हटलं, कारण त्याचा बाप माझा दोस्त होता. राहिली होती फक्त आई. ती खाटेशी पोराचा हात धरून बसली होती.

मयताच्या घरी प्रार्थना म्हणणारी बासिलिया म्हातारी तिला म्हणाली, "तेओफिला, तुझ्यापायी खोळंबलाय तो."

"खोळंबू दे," तेओफिला म्हणाली.

तेवढ्यात दारात हा शर्ट मागायला आलेला पोरगा उभा. बुडत्याला काडीचा आधार. तिने उठून त्याचं मनगट धरलं आणि खाटेपाशी ओढत नेलं. तुमच्याकडे तेल असतं म्हणे, म्हणाली, ठेवा त्याच्या डोक्यावर हात.

त्यांची रीत साधी असते. टाळूवर तेलाचा एक थेंब, वर दोन हात, चार ओळींची प्रार्थना, आणि शेवटी ‘देवा, तुझी इच्छा असेल तसं होऊ दे.’ लवकर आटप, असं उरिएलने डोळ्यांनी खुणावलं. ओरिनने हात ठेवले. तो मला म्हणाला, "काका, ती पोराकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. या गावात माझ्या तोंडाकडे कुणी तसं बघितलं नव्हतं." पाठ केलेली प्रार्थना त्याने अर्ध्यावर टाकली. त्याच्या मोडक्या भाषेतून तीन वाक्यं मात्र अगदी धड निघाली.

"निकानोर, तू जायचं नाहीस. देवाच्या नावाने सांगतो. थांब."

घरघर थांबली. निकानोरने डोळे उघडले.

मी तिथेच होतो. बाया छातीवर क्रूसाची खूण करायला लागल्या, कुणाच्या हातातला पेला पडला. तेओफिलाने त्या पोराचे हात डोळ्यांना लावले, मग बाहेर जाऊन कोंबडी कापली. ओरिन दोन ताटं जेवला. शर्ट विसरून तो खोलीवर गेला आणि त्या रात्री पहिल्यांदा रडल्याशिवाय झोपला.

पहाटेच्या आधी कधीतरी दार वाजलं.

हळूच. पालथ्या मुठीने वाजवावं तसं. ओरिनने कोण आहे म्हणून विचारलं. दाराखाली दोन बोटांची फट होती आणि बाहेर चांदणं नव्हतं, पण रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड होता. त्याने वाकून बघितलं. पलीकडे दोन अनवाणी पाय होते. उभे नव्हते ते. टाचा वर, बोटं खाली लोंबत असलेली, जमिनीला जेमतेम लागलेली. वरून कुणी धरून ठेवल्यासारखे.

सकाळी त्याने उरिएलला सांगितलं. उरिएल दात घासत होता. तो म्हणाला, "मीही ऐकलं. आणि मी काही ऐकलेलं नाही. कळलं?"

रविवारी गावाने दारं उघडली. ज्यांनी आतून ओरडून वाटेला लावलं होतं, तेच लोक आता पानात उकडलेले तामाल घेऊन आले, तान्ही पोरं त्याच्या पुढ्यात धरू लागले. ओरिनला हवं होतं ते मिळालं होतं. पण दुपारी निकानोरला बघायला गेला तेव्हा खाटेपाशीच थबकला. निकानोरचे डोळे उघडेच होते. ते मिटत नव्हते. पोटात पाण्याचा घोट जात नव्हता. छाती एकदा वर यायची, आणि पुन्हा यायच्या आत एक अख्खी प्रार्थना म्हणून व्हायची. दवाखान्यातली नर्स आली होती. तिने नळी छातीला लावून बराच वेळ ऐकलं, जागा बदलून ऐकलं. मग नळी गुंडाळली, तेओफिलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि उतार उतरून गेली.

त्या रात्री दारामागे आवाज होता. "हर्मानो..." मग बराच वेळ काही नाही. मग, "सोडा मला."

सोमवारी घराला वास येत होता. तेओफिला पंख्याने माश्या वारत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की आज रंग सुधारलाय. बासिलियाने ओरिनला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. ज्याने बांधलं त्याने सोडायचं, एवढंच ती बोलली. पण तेओफिलाचे कान तिकडेच होते. ओरिन वळणापर्यंत पोचला नसेल, तोच ती धावत मागे आली आणि भर रस्त्यात त्याच्या पायाशी बसली.

"हर्मानो, मागे घेऊ नका. मला दुसरं कुणी नाही. तुम्ही देवाचं नाव घेतलंत ना? ते खोटं होतं का?"

ओरिन दोन्हीकडून अडकला. सोडावं, तर आपणच त्याचा जीव घेतला असं होणार, आणि तोही त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत. न सोडावं, तर तो रोज रात्री दारात. एकोणीस वर्षांचं पोर ते. आईला फोन करायचीसुद्धा त्याला मुभा नव्हती, वार ठरलेला होता. त्या रात्री तो कानांत बोटं घालून पहाटेपर्यंत बसून राहिला. बाहेरचा आवाज थांबला नाही. रागावलेला नव्हता तो आवाज, त्याचंच जास्त वाईट वाटायचं, असं तो म्हणाला. दमलेला होता.

मग आली तीन डिसेंबरची रात्र. मंगळवार. वीज संध्याकाळीच गेली होती, आठवत असेल तुम्हाला, त्या आठवड्यात चक्कीही बंद होती.

दार वाजलं.

ओरिन उठला. कडीला हात घातला. मागून उरिएल पायात बूट चढवत होता. "नियम आहे," तो म्हणाला. "तुला एकट्याला सोडता येत नाही. नाहीतर मी आलो नसतो."

ओरिनने दार उघडलं.

रस्ता रिकामा.

कुत्रं नाही... वारा नाही. फक्त त्याच्या दोन्ही तळव्यांवर काहीतरी गार येऊन टेकलं. डोक्याएवढं. डोक्याच्या आकाराचं. त्याने हात तसेच पुढे धरले आणि चालायला लागला. उरिएल मागून चालत होता. तो काही विचारत नव्हता. हात असे का धरलेस, हेसुद्धा नाही.

वरच्या वाटेला घरं संपली. तेओफिलाच्या खिडकीत मेणबत्ती होती.

दार नुसतं लोटलेलं. आत ती खाटेला टेकून बसली होती, जागी. तिने आपली शाल पिळून तिचं एक टोक निकानोरच्या मनगटाला बांधलं होतं आणि दुसरं स्वतःच्या. गाठीवर गाठ.

ओरिन गुडघ्यांवर बसला. निकानोरच्या डोक्यावर हात ठेवले. तळव्यांवर होतं तेच गार... तेच डोकं.

"निकानोर," तो म्हणाला, "देवाने मला काही सांगितलं नव्हतं. मलाच हवं होतं म्हणून मी तुला थांबवलं. मी सोडलं तुला. जा."

शांतता.

मेणबत्ती चरचरली.

छाती वर आली.

पुन्हा शांतता... पुन्हा छाती वर आली.

तेव्हा ओरिनला उमगलं की त्याच्या एकट्याच्या हातात काही नाही. तो रडायला लागला. जेवढी भाषा येत होती तेवढीत तो तिला सगळं सांगत सुटला. दार वाजतं ते. लोंबणारे पाय. रोज रात्री येतो, मला सोडा म्हणतो, दमलाय तो, आई, फार दमलाय.

तेओफिलाने पहिल्यांदा मान वर केली.

"तुमच्याकडेही?" ती हळूच म्हणाली.

ओरिनने मान डोलावली. मग तिचा चेहरा असा मोडला, की उरिएलने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाप मेला तेव्हा आमच्या घरात दाणा नव्हता," ती म्हणाली. "तेव्हाही माझ्या पोराने कुणाच्या दारात जाऊन हात पसरला नाही. आणि आता रात्री-बेरात्री लोकांची दारं वाजवत फिरतोय? माझ्यापायी?"

तिने दातांनी गाठ सोडली. एक. मग दुसरी. मनगटावर वळ उठले होते, दोघांच्याही. तिने पोराचे केस मागे सारले, कानाशी तोंड नेलं. ती काय बोलली ते दोघांनाही ऐकू आलं नाही, फार हळू बोलली. फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. "जा."

छाती खाली गेली.

ते वाट बघत बसले... ती वर आली नाही. तेओफिलाने हात पुढे केला आणि पापण्या मिटल्या. या वेळी त्या मिटल्या.

ओरिन पळून गेला नाही, हे सांगायलाच हवं. गावाने पुन्हा दारं लावून घेतली, काहींनी वाईट शब्दही वापरले, आणि तो नेमून दिलेले सगळे महिने इथे राहिला. पुढे कुणी आजाऱ्यापाशी बोलावलं तर जायचा, डोक्यावर हात ठेवायचा, आणि देवाची इच्छा असेल तसं होऊ दे, इतकंच म्हणायचा. मग बाहेर येऊन त्या घरातली लाकडं फोडून द्यायचा. मला तो आवडायचा. तुमच्यातल्या निम्म्यांपेक्षा बरा होता.

बुधवारी आम्ही निकानोरला पोचवला. पुढचा उजवा खांदा माझा होता. निघायच्या आधी तेओफिला कुठे दिसेना म्हणून मी घराच्या कडेने तिला शोधायला गेलो. ती कोपऱ्याशी जमिनीवर पालथी पडली होती, एका हाताने कुंपणाचा खांब धरून, आणि दुसरा हात लांब करून मागच्या भिंतीला ओली माती थापत होती. त्याच भिंतीला आतून तिची खाट लागून असते. तिची उशी येते बरोब्बर त्या उंचीवर भिंतीची माती झिजून बाहेरून खळगा पडला होता. मूठ बसेल एवढा. आणि ताजा होता, आतली माती अजून पिवळी दिसत होती.

मी विचारलं, "हे काय झालं, तेओफिला?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. खळगा भरला, तळव्याने सपाट केला, हात पुसले आणि चला म्हणाली.

मी नंतर जाऊन कोपऱ्यावरून वाकून बघितलं, पोरांनो. त्या भिंतीमागे वाट नाही. पाय ठेवायलासुद्धा जागा नाही. भिंत संपते तिथून खाली सरळ घळ आहे.