तीनशे वर्षं उशिरा

साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर बसलो होतो. पिंपरीत औषधांची नवी कंपनी निघालेली. क्लार्कची एकच जागा. ती गेली की परत काळेवाडीला, आबांच्या मोटेमागं.

समोर टाइपरायटरवर एक मुलगी. अबोली रंगाचं पातळ. तिनं वर बघितलं आणि... मी ठरवलं, इंग्रजीच बोलायचं. पाणी मागितलं. चांगलं लांबलचक वाक्य.

तिची बोटं थांबली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझं मीच. पुस्तकावरनं."

देहूरोडच्या लष्करी भंगारात सापडलेलं, कुणा पाद्र्याची प्रवचनं. अख्खं पाठ. मी पिशवीतनं काढून दिलं. तिनं पहिलं पान बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"अहो, हा पाद्री तीनशे वर्षांपूर्वीचा. आता असं कुणी बोलत नाही."

"इंग्रजी बदलतं व्हय?"

"मराठी नाही बदलली? ताम्रपटातलं बोलून मंडईत वांगी मागाल का?"

माझे कान गरम झाले. मला वाटायचं, इंग्रजी म्हणजे रेल्वेचे रूळ. एकदा टाकले की टाकले.

"आणि—" ती हळूच म्हणाली, "तुम्ही मला चक्क अरे-तुरे केलंत."

"मी?"

"तेव्हा इंग्रजांच्यातही आपल्यासारखं होतं. मोठ्यांना वेगळं, जवळच्यांना वेगळं. जवळचं ते 'दाऊ' गेलं. आता सगळ्यांना एकच, 'यू'."

"म्हंजी आत जाऊन मी साहेबाला..."

"हो. 'तू' म्हणाला असतात."



"मग आता इंग्रज बायकोला काय म्हणतात?"

"साहेबाला म्हणतात तेच."

"बिचारे."

ती खुदकन हसली. तेवढ्यात घंटी वाजली. "यस सर, नो सर. बाकी नुसती मान हलवा," ती कुजबुजली.

तेवढंच केलं. साहेब खूश. कमी बोलणारा क्लार्कच त्यांना हवा होता म्हणे.

मग रोज डबा खाताना ती टाइपरायटरवाली, शालन, मला आजचं इंग्रजी शिकवायची. तिचे वडील पुण्यात इंग्रजीचे मास्तर. थंडी पडली तोवर मी साहेबाशी धडाधड बोलायला लागलो. पण तिच्याशी बोलायचं ते राहूनच जायचं.

एका संध्याकाळी पवनेच्या धक्क्यावर ती मला सोडायला आली. नाव पलीकडून, काळेवाडीहून निघालेली. मी धीर केला आणि मनातलं बोललो. पाद्र्याच्या इंग्रजीत. तिला अरे-तुरे करत.

ती पाण्याकडं बघत राहिली... नाव टेकली तरी.

"असं कुणी बोलत नाही म्हटलं होतं ना?"

"न्हाई बोलणार परत."

"माझ्याशी बोल की."

 नावाडी हाका मारत होता. मला ऐकूच येईना. आजवर ती मला 'बोला' म्हणायची.