उलटी बाजू बघा!

"निमिष, हात धुतलेस का? समोशाच्या तेलकट बोटांनी रेशमाला हात लावलास ना, तर बघच!" स्वानंदीनं धाकट्या भावाला दम भरला.

२००६ची उन्हाळ्याची सुट्टी. अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं रेशीम-प्रदर्शन आता उघडणार होतं. पैठणीशेजारी थायलंडचं मट्मी रेशीम टांगलेलं. स्वानंदीच्या वर्गातल्या थाई मैत्रिणीच्या, नोकच्या आजीनं विणलेलं हे शेवटचं कापड. आजीला आता दिसत नव्हतं. नोकनं आईची केवढी मनधरणी करून ते आणलं होतं!

"मट्मी म्हणजे?" निमिषनं विचारलं.

"विणायच्या आधीच सुताला जागोजाग दोऱ्या बांधायच्या आणि रंगात बुडवायचं," नोक म्हणाली. "बांधलेली जागा कोरी राहते. सोडायचं, पुन्हा बांधायचं, दुसरा रंग! नक्षी आधी सुतावर, मग मागावर. आमच्या गावात भातकापणी झाली की खांबांवर उभ्या घराघराखाली माग खडखडतात. आजी तिच्या आईकडून शिकली, आई तिच्या आईकडून."

स्वानंदीनं आईसारखंच केलं. पैठणीचा पदर आई आधी उलटा करून बघायची! तिनं मट्मीचं टोक उलटवलं.

मागून पांढरंफटक!

"नोक, सूतच रंगवलं तर रंग दोन्हीकडे हवा ना?"

"हवाच!" नोकचा चेहरा पडला. "हे छापील आहे. हे आजीचं नाही!"

तिघं मंडळाच्या अध्यक्षांकडे, दिगंबरकाकांकडे धावली. कापड त्यांनीच टांगलं होतं.

"थाई माल असाच असतो," काका गुरकावले. "मोठ्यांना शिकवू नका. पळा!"

या माणसानं पोस्टरवर रेशमापेक्षा स्वतःचा फोटो मोठा छापला होता! त्याला कापडाचं काय?

"ताई!" निमिष ओरडला. खाण्याकडे त्याचं लक्ष नेहमीच असे. "जेवणाच्या टेबलांवर सेम डिझाइन आहे! काकांनी स्वस्तातले टेबलक्लॉथ आणलेत!"

म्हणजे टांगताना काकांच्या हातून अदलाबदल झाली होती! मुलींनी एकेक कोपरा उलटवला. पांढरा. पांढरा. आणि शेवटच्या टेबलावर दोन्हीकडून लालजर्द! तेवढ्यात मिसळीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन काका तिकडेच निघाले.

"काका, थांबा!"

"बाजूला हो गं, गरम आहे!"

स्वानंदीनं निमिषच्या हातात बाबांचा कॅमेरा कोंबला आणि बोंब ठोकली, "कमिटीचा ग्रुप फोटो! पार्किंग लॉटमध्ये! लवकर!"

पातेलं जमिनीवर टेकलं! कुर्ता नीट करत काका सगळ्यांत आधी बाहेर पळाले.

"काका, स्माइल! अजून एक!" निमिष बाहेर ओरडत होता. आत मुलींनी रेशीम जागेवर टांगलं आणि छापील कापड टेबलावर पसरलं.

नोकची आई आली, तेव्हा काका ऐटीत म्हणाले, "जिवापाड जपलंय बघा!"

"काका, उलटी बाजू दाखवा ना," स्वानंदी म्हणाली. "आणि मग तुमच्या टेबलक्लॉथची पण."

काकांनी रेशीम उलटवलं. मागूनही लालजर्द. मग टेबलक्लॉथचं टोक. पांढरं! त्यांचे कान लाल झाले. नोकनं आईला सगळं सांगितलं. आईनं मुलांसमोर हात जोडले, थाई लोक मोठ्यांना जोडतात तसे.

"चुकलो," काका पुटपुटले. मग माईकवर मोठ्यानं म्हणाले, "चुकलो! या पोरांनी लाज राखली. शाब्बास!"

हॉलभर टाळ्या! काकांनी खाली वाकून हळूच विचारलं, "निमिष, फोटो तरी बरे आलेत ना रे?"

"कॅमेऱ्यात बॅटरीच नव्हती, काका!"