कपाटातला कीबोर्ड

"सही कर, संध्या. त्याशिवाय शटर वर जायचं नाही." वत्सलाबाईंनी कबुलीचा कागद पुढे सरकवला.

संध्यानं कागद वाचायला घेतला. या वधूवर केंद्रात ती सहा वर्षं कॉम्प्युटरवर स्थळं भरत होती. चोर ठरून बाहेर पडली, तर नाशकात तिला दारात कोण उभं करणार होतं?

"थांबा हो, मला तुम्हीच बोलावलंय ना?" खाजगी तपासनीस ज्योत्स्ना पगार म्हणाल्या. सोबत त्यांचे मदतनीस रावजी, निवृत्त हवालदार. "आधी सगळं सांगा."

वेदिका नावाच्या मुलीचं पहिलं लग्न मोडलेलं. आता ज्या मुलाशी जुळत होतं, त्याला ती हे स्वतः सांगणार होती. शनिवारी केंद्र बंद होताना संध्यानं ती माहिती भरली, आणि रविवारी संध्याकाळी तिचा छापील कागद निनावी पाकिटातून मुलाच्या घरी हजर! जुळत आलेलं लग्न फिसकटलं.

ज्योत्स्नाबाईंनी तो कागद उजेडात धरला. एका ओळीच्या अक्षरांखाली आकाशी रंगाचा ठिपका होता.

"कीबोर्ड, माउस रोज कपाटात कुलपात असतात," वत्सलाबाई म्हणाल्या. "एक किल्ली माझ्याकडे, मी रविवारी देवळा गावी होते. दुसरी हिच्याकडे. हिनं शनिवारीच छापून नेला असणार!"

"देवाशपथ नाही हो, बाई!" संध्याला रडूच फुटलं. बंद शटरआड नव्या रंगाच्या वासानं तिचा जीव गुदमरत होता.

"रविवारी इथे कोण होतं?"

"मी," वत्सलाबाईंचा भाचा शेखर म्हणाला. "रंगारी भिंती आकाशी करत होते, म्हणून बसलो. गेमपॅडवर गाडीचा गेम खेळलो. कीबोर्डशिवाय दुसरं काय करणार?"

"वेदिकाला ओळखतोस?"

"मागे त्याचंच स्थळ सुचवलेलं तिला," वत्सलाबाईच म्हणाल्या. "नको म्हणाली. जाऊ द्या ते."

"गेम दाखव बरं."

शेखरनं पॅडवर गेम सुरू केला. आधी इंग्रजीत सूचना आली: हा खेळ फक्त कीबोर्डवर चालतो. तरी गाडी सुसाट निघाली! खाली घड्याळाशेजारी एक हिरवं चित्र होतं. संध्यानं ते पूर्वी पाहिलं नव्हतं.

गेम बंद झाला. मागे स्थळांची यादी उघडीच होती.

"हे कशाचं बटण?" रावजींनी पॅड उचलून दाबलं. पडद्यावर छपाईची चौकट उघडली.

"अहो काका, कशाला हात लावता!" शेखरनं पॅड हिसकावला.

ज्योत्स्नाबाई हसल्या. "रावजी, फत्ते केलंत! ठिपक्याच्या वरून शाई गेलीय. म्हणजे रंग आधी, छपाई नंतर. रंगकाम रविवारचं, तेव्हा कागदही रविवारीच छापला."

"पण कीबोर्ड तर कुलपात?" रावजी गोंधळले.

"लागलाच नाही. ते हिरवं चित्र म्हणजे एक प्रोग्राम. पॅडच्या बटणांना तो कीबोर्डच्या कळा नेमून देतो. पॅड दाबला की कॉम्प्युटरला वाटतं, कीबोर्डच दाबला. माउससुद्धा पॅडवरून फिरतो." त्यांनी चित्र उघडलं. "हे बाण, हे एंटर, आणि चौथ्या बटणाला छापायचा हुकूम. शेखर, गाडीच्या गेममध्ये छपाई कशाला लागते रे?"

शेखरची मान खाली गेली. "मला नको म्हणाली, मग दुसऱ्याशी तरी का जमावं तिचं?"

वत्सलाबाईंनी कबुलीचा कागद पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाल्या, "घरातलं प्रकरण आहे, ज्योत्स्नाबाई. संध्या, तू सही कर. दुसरीकडे चिकटवते तुला."

संध्याचा हात पेनाकडे गेलासुद्धा. बाईंचं ऐकायची सवयच ती! तिला स्वतःचाच संताप आला.

तिनं फोन ओढून वेदिकाचा नंबर लावला. "वेदिकाताई, केंद्रातून संध्या बोलतेय. तुमचा कागद कोणी पाठवला ते कळलंय. मी नाही. नाव बाईच सांगतील."

आणि तिनं रिसीव्हर वत्सलाबाईंच्या कानाला लावला.