राखणीची पेंढी

यातलं अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे थर्झा मावशीच्या तोंडून ऐकलंय. मावशी कुणाला भीत नसे. खोटं बोलायची तिला गरजच नव्हती.

१८९३चा ऑगस्ट. ऑक्सफर्डशायरमधलं आमचं स्वेल्टन गाव. भर दुपार.

गव्हाची कापणी उरकली की बायकांनी शेतात सरवा, म्हणजे मागे सांडलेली कणसं, वेचायचा, ही आमच्याकडची रीत. आम्ही त्याला 'लीझिंग' म्हणतो. फक्त मालकाने ठेवलेली राखणीची एक पेंढी शेतात उभी असेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

नव्या शेतमालकाने, हॉब्लीने, ती पेंढी आठ दिवस हलवलीच नाही. सांडलेल्या गव्हाला कोंब फुटायला लागले.

मावशी त्याच्या दारात गेली.

"लीझिंग?" तो हसला. "लीज म्हणजे भाडेपट्टा, बाई. दाखव तुझा पट्टा!"

"आमच्यात लीझ म्हणजे वेचणं, मालक. तुमचा पट्टा जन्मला नव्हता, तेव्हापासून."

ती तडक शेतात शिरली. एकटी.

बाकीच्या जणी फाटकाशीच थिजल्या. "थर्झे, फीर माघारी! पेंढी उभी आहे!"

"असू दे. तिचेच पाय दुखतील."

ती वाकून वेचू लागली.

आणि...

पाखरं गप्प झाली. वारा पडला.

शेजारी कणीस मोडल्याचा आवाज आला. खुट्... खुट्...

तिने वळून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

मग पुढून... मागून... चहूकडून. जणू पन्नास जणी वेचत होत्या.

कानाशी एका बाईचा थकलेला आवाज आला...

"लेसान."

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ती उठली नाही.

"वेचा बायांनो," ती म्हणाली. "मीही वेचते."

तेवढ्यात हॉब्ली आला. घोडा फाटकाशीच अडला. तो उतरून शिव्या देत चार पावलं आत आला...

थांबला. दोन्ही कान दाबून धरले.

काय ऐकलं, ते त्याने कधीच सांगितलं नाही. स्वतःच पेंढी उचलली आणि निघून गेला.

रविवारी मावशीने पाद्रीबाबांना तो शब्द विचारला.

"हजार वर्षांपूर्वी इथले लोक वेचण्याला असंच म्हणायचे. तुला तर वाचता येत नाही, थर्झा. कुणी सांगितलं?"

"ज्या वेचत होत्या, त्यांनी."

मावशी जाऊन वर्षं झाली. त्या शेतात आता मी जाते. भीती वाटते, नाही कशाला म्हणू?

गेल्या आठवड्यात माझ्या वाटेवर कणसांची एक मूठ दिसली... ताजी, गवताने नीट बांधलेली. शेतात मी एकटीच होते.

मी तिला हात लावला नाही.

पण माघारीही फिरले नाही. बाजूने वेचत पुढे गेले.