वजा दीडवरचं पाणी

"अरे देवा! झडप उघडीच आहे!"

धापा टाकत बांधावर पोचलेली बर्था जागीच थिजली. दिवाळीची अमावास्या, भर दुपार, आणि मढच्या खाडीला उधाण! बांधाच्या आत तिच्या बाबांचा कापलेला भात पसरला होता. बांधातल्या या झडपेतून खारं पाणी शिरलं की वर्षाचं अन्न मातीत! बाबा मालाडच्या बाजारात, आणि झडप वर-खाली करणाऱ्या चाकाची किल्ली नव्या मुकादमाच्या, काशीरामच्या कमरेला!

"काका, झडप पाडा ना!" सुट्टीला आलेला तिचा दोस्त चंद्रप्रकाश ओरडला.

"बोंबलू नका रे!" बूट काढून ऐसपैस बसलेला काशीराम म्हणाला. "साहेबांचा हुकूम आहे, पाणी वजा दोनच्या वर चढलं की मगच पाडायची."

बांधाच्या पायऱ्यांवर आकडे रंगवलेले होते. शेताच्या पातळीला शून्य, त्याखाली वजा एक, मग वजा दोन. पाणी या दोन्हींच्या मधोमध होतं.

"वजा दीड!" चंद्रप्रकाश किंचाळला. "दोन पूर्णांकांच्या मधली परिमेय संख्या! चढलं की हो!"

"दीड दोनाहून कमीच ना? अजून अर्धा बाकी आहे!"

बर्था हबकलीच! एवढा मोठा माणूस, आणि हे बोलतोय? "अहो, या ऋण संख्या! वजा दीड वजा दोनापेक्षा मोठा!"

"दीड दोनापेक्षा मोठा? हेच शिकवतात शाळेत? पळा!"

पाणी चढतच होतं. बर्थाला रडू फुटणार, एवढ्यात तिनं झटकन मुकादमाचे बूट उचलले आणि ती पायऱ्या उतरू लागली.

"ए पोरी! बूट कुठे नेतेस?"

"वजा दोनच्या पायरीवर ठेवते! पाणी अजून तिथवर आलं नाही ना?"

"वेड लागलं का गं? ती पायरी तर पाण्यात बुडाली..."

काशीरामचं तोंड उघडंच राहिलं. चेहऱ्याचा रंग उडाला.

"वाट लागली! धरा रे चाक!"

तिघांनी जीव खाऊन चाक फिरवलं. झडप धाडकन पडली. बाहेर पाणी शून्य ओलांडून गेलं, पण शेतातल्या भाताला थेंबही शिवला नाही.

बाबा आले, तेव्हा काशीराम मान खाली घालून उभा होता. "बॅप्टिस्टभाऊ, पाणी शून्याच्या वर गेलं, तरी मी एक मोजून दोनची वाट बघत बसलो असतो."

"दोन? म्हणजे शेतात कमरेएवढं पाणी!" बाबा मटकन खालीच बसले. मग त्यांनी बर्थाला जवळ ओढलं.

"पोरी, यंदा आपलं सगळं घर तुझ्या गणितावर जेवणार गं!"