आयोनचा ब्रश

शेकोटीजवळ सरका, पण मधे हसायचं नाही. वेंडेल प्रुइट पोर्टलँडला आमच्या स्टुडिओत कॉमिक्स काढायचा. त्याच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या बुधवारची रात्र. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली. वेंडेल घरी थांबला, कारण सकाळपर्यंत नव्या अंकाचं कव्हर पोचलं तर मुख्य चित्रकाराची जागा त्याची, नाहीतर आहे तीही जाणार होती. सँडविच खात, रेडिओ लावून स्क्रीनवर काम चाललं होतं. फक्त नायिकेचा हात उरला होता. आपण सगळे करतो तेच त्याने केलं: स्वतःचा डावा हात दिव्यापुढे धरला आणि बघून काढला.

ब्रश आयोनचा. आयोन बारस्टो, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. खऱ्या शाईचे शेकडो फटकारे स्कॅन करून तिने तो ब्रश कॉम्प्युटरवर घडवला होता. पुढे तिचे हात थरथरायला लागले.

"आयोनबाई, ही रेघ आहे की भूकंप?" वेंडेल सगळ्यांदेखत विचारायचा.

"माझाच ब्रश वापरतोस ना मेल्या? मग निदान माझी टिंगल तरी करू नकोस!"

त्याने तिची वाकडी पानं साहेबांना नेऊन दाखवली. तिला काढलं. ब्रश मात्र यानं स्वतःच्या नावावर केला. उन्हाळ्यात ती घरात एकटीच मेली, शेजाऱ्यांना वास आल्यावर कळलं.

"मेल्यावर तरी हलायची थांबली का रे?" हा आमचा वेंडेल. दोघं-तिघं हसलेही. असा निर्दयी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तर त्या रात्री, पावणेदोनला, काढलेल्या हातावर एक रेघ दिसली. थरथरती.

"छे, पेन घसरलं असेल," तो स्वतःशी म्हणाला. खोडायचा ब्रश घेतला. घासलं.

रेघ जाईना.

उलट वाढली. मनगटाकडून बोटांकडे.

त्याने पेन टेबलावर ठेवलं. हात मांडीवर घेतले.

रेघ चालूच...

"कोण आहे?"

घरात कोणी नव्हतं. रेडिओ कधी बंद पडला, कळलं नव्हतं.

घाबरला. मग चिडला. पेन उचललं आणि खसाखसा खोडत सुटला. रेघ पुढे, हा मागे. तर्जनी... मधलं बोट... अनामिका... करंगळी...

तिथे रेघ थांबली. जणू काम झालं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तुम्हीही रोज स्क्रीनवर काचेवर काच ठेवावी तसे चित्राचे थर रचता ना? हा भलत्याच थरावर खोडत होता. रेघ वरच्या थरावर जशीच्या तशी. खालच्या थरावरचा हात मात्र... बोटांच्या टोकांवरचे बारकावे पुसले गेले होते.

पुसलेलं परत आणायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिला.

काही परत आलं नाही.

कव्हर गेलं नाही. नोकरी गेली. शुक्रवारी बायको परतली, तर हा डावा हात खिशात घालून बसलेला.

"वेंडेल, बाहेर काढ तो हात. काय लपवतोयस?"

त्याने काढला.

चार बोटांना नखं नव्हती. जखम नाही, रक्त नाही, व्रण नाही. नुसती गुळगुळीत कातडी. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "इथे नखं कधी उगवलीच नव्हती."

अजूनही उगवलेली नाहीत.