गाडी दुपारी झोपते

ही गोष्ट खरी आहे.

नलिनीने ती मला एकदाच सांगितली, प्रयोगशाळेचं दार आतून लावून. ती भौतिकशास्त्र शिकवते, मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र. पुराव्याशिवाय बोलायची सवय दोघींनाही नाही. तिने जसं सांगितलं, तसंच लिहिते आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला एक रविवार. पांढुर्ण्यातलं हेमराजचं गॅरेज. भर दुपार.

नलिनी आणि तिचा नवरा मंगेश सौंसरहून सकाळी सातलाच निघाले होते. ऊन चढायच्या आत पोहोचायचं होतं. ऊन चढलं की गाडी रस्त्यात बंद पडायची.

गाडी नलिनीच्या सासऱ्यांची. रघुनाथराव. ती त्यांना मामाजी म्हणायची. बोरगावच्या पुढे त्यांची संत्र्याची बाग होती. जेवण झालं की ते एकटेच गाडी काढून बागेत जायचे.

"बाई, गाडी मधातच बंद पडून राहिली," ते तिला सांगायचे. "जरा पाहतं का? तू शिकलेली हायेस."

नलिनीने पाहिली. तीन दिवस, सकाळी सातला, बोरगावपर्यंत चालवून. एकदाही बंद पडली नाही. कागदावर तिने लिहिलं, 'तीन फेऱ्या. बिघाड नाही.'

"सकाळच्यानं नाही होत वो बाई. दुपारच्यानं होते."

मामाजींनी खिशातून छोटी वही काढून पुढे केली. तारीख, वेळ, जागा. अकरा नोंदी.

घरात पाहुणे बसले होते. नलिनीने वही उघडलीसुद्धा नाही. हसून म्हणाली, "मामाजी, गाडीला तुमचीच सवय लागली. दुपारी झोपते."

सगळे हसले.

मामाजीही हसले. वही खिशात गेली... ती पुन्हा कधी बाहेर आली नाही.

बाराव्या वेळी त्यांनी फोन केला. नलिनी वर्गात होती.

"बाई, बंद पडली. इथं झाडबी नाही जवळ."

"मामाजी, माझा वर्ग चालू आहे. गाडीतच बसा. थंड झाली की होईल सुरू."

"बरं बाई."

घड्याळात बारा चाळीस झाले होते.

ते बसून राहिले. सुनेचा शब्द ते मोडत नसत. त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता. चार वाजता बागेतला गडी शोधत आला, तेव्हा ते तसेच बसलेले होते. हात स्टिअरिंगवर. लू लागून गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखान्यात मामाजींचा फोन कुणीतरी नलिनीच्या हातात दिला.

तिने तो कॉल खोडला. मग स्वतःच्या फोनमधलाही खोडला.

वर्षभर मंगेश एकच वाक्य म्हणायचा. "बाबानं एक फोन केला असता ना, नलू..."

ती भाजी चिरत राहायची.

गाडी अंगणात झाकून ठेवली होती. वर्षाने मंगेशने ती काढली आणि दुसऱ्याच दुपारी ती त्याच रस्त्यावर बंद पडली. "बाबा खरं सांगत होते," तो घरी येऊन एवढंच म्हणाला. म्हणून हेमराजचं गॅरेज.

हेमराजने सगळं तपासलं. करंट, अर्थिंग, पेट्रोल. एक सेन्सर बदलूनही पाहिला.

"स्कॅनर काहीच दाखवून नाही राहिला मॅडम," तो म्हणाला. "आता एकच उरला. गाडीचा कम्प्युटर."

बॉनेटखालचा तो तळहाताएवढा चपटा डबा त्याने तारांसकट बाहेर काढून ठेवला. इंजिन सुरू केलं. मग पिशवीतून केस वाळवायचा गुलाबी ड्रायर काढला.

"बायकोचा हाय, रूपालीचा. तिला सांगू नका, नाही तं रातच्याला उपाशी झोपवंल मले."

मंगेश हसला. हेमराजने डब्यावर गरम हवा सोडली.

एक मिनिट... दोन... चार...

इंजिन बंद.

हेमराजने डबा ओल्या फडक्यात धरला. गार केला. चावी फिरवली. इंजिन सुरू.

"आत कुठंतरी सोल्डरचा टाका तडकला. गरम झालं का फाकते, थंड झालं का जुळते. सकाळच्यानं तपासलं तं सापडाचंच नाही."

नलिनीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. धातू तापला की प्रसरण पावतो. ती हे मुलांना शिकवते. तिनेही प्रयोग केला होता. फक्त सकाळी सातला. आणि ज्यांनी वेळ लिहून आणली होती, त्यांना चारचौघांत हसली होती.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

पुन्हा गरम हवा. पुन्हा इंजिन बंद.

गॅरेज एकदम शांत झालं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आणि...

टक् टक्.

टक्.

"रिले असंल, करंटचा खटका," हेमराज म्हणाला. "बंद झाल्यावर वाजते कधी कधी."

त्याने जुना कम्प्युटर सोडवला. नवा जोडला. लॅपटॉपवर चावी जुळवून घेतली. गाडी सुरू केली आणि नव्या डब्यावर दहा मिनिटं ड्रायर धरला. इंजिन अडखळलंही नाही.

"झालं काम!" त्याने चावी काढून मंगेशच्या हातात दिली.

टक् टक्.

टक्.

हेमराजने कपाळाला आठ्या घातल्या. रिले उपटून हातात घेतला.

टक् टक्... टक्.

बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. आता गाडीत विजेचा थेंब नव्हता.

टक् टक्...

टक्.

"हे काऊन वाजून राहिलं बाप्पा?" हेमराज दोन पावलं मागे सरला.

आवाज बॉनेटमधून येत नव्हता.

नलिनी गाडीच्या दाराजवळ गेली. काचा बंद होत्या. आत कुणी नव्हतं. नुसतं स्टिअरिंग. आवाज तिथूनच येत होता... धातू प्लास्टिकवर आपटल्यासारखा. दोनदा. थांबून एकदा.

मामाजींच्या बोटात तांब्याची अंगठी असायची. नलिनीला शाळेतून न्यायला आले की ते फाटकाबाहेर गाडीत बसून वाट पाहायचे. हॉर्न कधी वाजवायचे नाहीत. सुनेला घाई होईल म्हणून. नुसती अंगठी स्टिअरिंगवर वाजवत बसायचे.

दोनदा. थांबून एकदा.

मंगेश तिच्यामागे येऊन उभा राहिला. "नलू... हे तं बाबा..."

भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते.

टक् टक्.

नलिनीने दाराची मूठ धरली. मूठ पोळत होती. तिने हात काढला नाही.

"फोन आला होता," ती म्हणाली.

"काय?"

"मामाजींनी मला फोन केला होता. मी गाडीतच बसायला सांगितलं. मग मी तो कॉल खोडला. दोन्ही फोनमधून."

ती थांबली. तिसरा ठोका यायला हवा होता.

आला नाही.

मंगेशने तिच्याकडे पाहिलं. हेमराजने खाली मान घालून रिले बसवला, बॅटरी जोडली. मंगेश एकटाच गाडीत बसला. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि तो सौंसरला निघून गेला.

नलिनी बसने आली. जुना कम्प्युटर हेमराजने कागदात गुंडाळून तिला दिला होता. तो तिने मांडीवर धरला होता. सौंसर येईपर्यंत तो गार झाला नाही.

ते दोघं आजही एकाच घरात राहतात. मंगेश जेवायला बसतो, 'वाढ' म्हणतो. 'नलू' मात्र म्हणत नाही.

तो डबा नलिनीच्या प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात आहे. वरच्या फळीवर, कागदात. त्याला तार नाही, बॅटरी नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये मी एकदा भिंतीपलीकडून नलिनीचा आवाज ऐकला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती कपाटासमोर उभी होती.

"बोला मामाजी. ऐकते आहे मी."

मग ती खूप वेळ नुसती उभी राहिली. पलीकडचा माणूस सावकाश बोलणारा असला की आपण थांबतो, तशी. त्याच दिवशी तिने मला सगळं सांगितलं.

लोखंडी कपाट उन्हाने तापतं. पत्रा वाजतो. हे मलाही कळतं.

पण गेल्या मंगळवारी नलिनी रजेवर होती. बारा चाळीसला मी तापमापी आणायला तिच्या प्रयोगशाळेत गेले.

टक् टक्...

टक्.

मी तिथेच उभी राहिले. पुन्हा वाजलं. कुणीतरी वाट पाहत होतं, अगदी समजूतदारपणे, कुणाला घाई होऊ नये अशा बेताने.

काहीतरी म्हणायला हवं होतं. पण त्यांना मामाजी म्हणायचा हक्क माझा नव्हता.

मी तापमापी न घेताच बाहेर आले. दार ओढून घेतलं.

वऱ्हांड्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत ते वाजत होतं.